उणे उंचीची एक ओळ

उजनी.स्केल (०, १११)-(१२, -११९)

ओळ एवढीच. मूळची रोमन लिपीतली. इथे ती नागरीत उतरवून घेतली, कारण आस्वाद घ्यायचा तर ओळ आपल्या जिभेवर खेळली पाहिजे. व्हिज्युअल बेसिक ६ या भाषेत ती लिहिली गेली ती बारामतीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. लॅबच्या दाराशी चपलांचा ढीग असे, आत एका मशीनपुढे दोघे-तिघे खेटून बसत आणि वीज गेली की सगळे एकदम ‘अरेरे’ करत. लिहिणारा मीच, पण श्रेय माझे नाही. ‘स्केल’ हा शब्द त्या भाषेचा, आकडे उजनी धरणाचे, आणि माझे काम दोघांची गाठ घालून देण्याचे. त्या दिवशीच्या धड्याचे नाव होते ‘स्वतःची निर्देशक पद्धत’. दहावीच्या भूमितीत आलेख कागदावर एक्स आणि वाय अक्ष काढून जे केले तेच, फरक इतकाच की इथे कागद म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन, आणि त्याचा आरंभबिंदू कुठे रोवायचा हे सांगायचा अधिकार चक्क आपल्याला.

या अधिकाराची गोडी कळण्यासाठी आधी तो चौकोन आपल्या हाती येतो कसा ते पाहू. त्याला म्हणतात पिक्चर बॉक्स. मी माझ्या बॉक्सचे नाव ठेवले होते ‘उजनी’. तो कोरा दिसतो, पण कोरा नसतो. लग्नघरात पाहुणे येण्याआधीच सतरंजी घातलेली असावी, तसे त्याच्यावर आधीच एक मोजमाप अंथरलेले असते, आणि त्याचे एकक ट्विप. छापखान्यातल्या पॉइंटचा विसावा हिस्सा म्हणजे एक ट्विप. एका इंचात असे १४४०, एका सेंटिमीटरात ५६७. पहिल्यांदा ऐकताना हे एकक परके वाटते खरे. पण ‘विसावा हिस्सा’ हे शब्द जरा घोळवून पाहावेत. आपल्याकडच्या जुन्या जमीन-हिशोबात पाच हात पाच मुठींची काठी, २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा. विसाच्या पटीत मोजणारे हात दोन्हीकडचे आहेत. एकाने शेत मोजले, दुसऱ्याने अक्षर.

शून्य कुठे असते? डाव्या वरच्या कोपऱ्यात. उजवीकडे जावे तसा पहिला आकडा वाढतो, ते ठीक. पण दुसरा आकडा वाढतो तो खाली जाताना. शाळेत वाय अक्ष वर वाढत असे, इथे तो खाली वाढतो. काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत डाव्या वरच्या कोपऱ्यापासून निघे, एक आडवी ओळ रंगवी, परत डावीकडे येऊन तिच्याखालची रंगवी. यंत्राने जशी चित्र काढायला सुरुवात केली तशीच मोजायलाही केली. अनेकांना हे विचित्र वाटते. मला नाही वाटत. आपण तर शिरोरेघेला अक्षरे टांगणारी माणसे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली शब्द लोंबकळवीत जाई. विहिरीचे मापही आपण असेच घेतो: काठावर शून्य, आणि खाली एक परस, दोन परस, पाच परस. कुणी विहीर तळापासून वर मोजत नाही. तेव्हा वरून खाली वाढणारा अक्ष ही यंत्राची चूक नव्हे, विहिरीसाठी तर तोच योग्य.

धरणासाठी मात्र तो योग्य नाही, आणि हे मला दुसऱ्याच्या हसण्यामुळे कळले. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या फुगवट्यापासून हाकेच्या अंतरावर. प्रोजेक्ट म्हणून मी वर्षभराच्या पाणीसाठ्याचा आलेख काढायला घेतला आणि पहिल्या झटक्यात लिहिले ते सरळसाधे (०, ०)-(१२, १००). आडवे १२ महिने, उभे शंभर टक्के; वाटले, झाले काम. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर त्याचा कागद काढून घरी नेला. आमच्या आबांनी तो खिडकीशी धरला, जरा वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “आरं, भर पावसाळ्यात धरान तळाला गेलंय, आन् उन्हाळ्यात पाणी कागदाच्या भाईर? असं धरान आसतं तर आमी कशाला रडलो आसतो?” कागदावर खरोखरच ऑगस्टची शंभराची रेघ तळाला टेकली होती. फेब्रुवारीनंतरची तर दिसतच नव्हती; साठा शून्याच्या खाली गेला की ती रेघ बॉक्सच्या वरच्या कडेतून बाहेर पडत होती आणि पार जुलैच्या आकड्याशिवाय परत यायला तयार नव्हती.

त्या फजितीतून जी ओळ निघाली ती वर लिहिली आहे, आणि आता तिच्याकडे सावकाश बघायला हरकत नाही.

आधी दोन कंसांमधली ती छोटी आडवी रेघ घ्या. गणित शिकलेला डोळा तिला वजाबाकी समजतो. ती वजाबाकी नाही, तो कर्ण आहे. चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याचे नाव पहिल्या कंसात, उजव्या खालच्या कोपऱ्याचे दुसऱ्या कंसात, आणि मधली रेघ म्हणजे दोघांमध्ये तिरकी ताणलेली दोरी. दोन कोपरे सांगितले की चारही आले. बांधावर मोजणीला उभा राहिलेला माणूस साखळीचे एक टोक धरून दुसऱ्याला “हां, जा तिकडं” म्हणून पिटाळतो, तोच हा इशारा. या रेघेचे घराणेही जुने. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये हेच काम ‘विंडो’ नावाची आज्ञा करी, तिच्यातही हेच दोन कंस आणि हीच रेघ. आणि गंमत अशी की ती साधी ‘विंडो’ वाय अक्ष आपणहून शाळेतल्यासारखा वर वाढता करी, पडद्याच्या चालीने खाली हवा असेल तर ‘विंडो स्क्रीन’ असे मुद्दाम लिहावे लागे. व्हिज्युअल बेसिकने तो शब्द टाकून दिला. दिशा सांगायला शब्द नको, आकड्यांचा क्रम पुरे: वरच्या कोपऱ्यात मोठा आकडा ठेवा, खालच्या कोपऱ्यात लहान, अक्ष उलटलाच म्हणून समजा. माझ्या मते ही सुधारणा आहे, आणि ती नावे कमी करून झालेली आहे हे विशेष.

मग ते १११ आणि -११९. या दोन आकड्यांपाशी मला नेहमी थांबावेसे वाटते.

भीमेवरच्या उजनी धरणाचे, म्हणजे यशवंतसागराचे, काम १९८० साली पुरे झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा पसारा मागे इंदापूर, करमाळा, दौंडच्या शिवारांत शिरलेला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६. जिवंतापेक्षा मृत अधिक. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. मृतसाठा संपतो आणि उपयुक्त सुरू होतो त्या रेघेवर शून्य बसवलेले आहे. त्यामुळे आमच्याकडे एक विलक्षण भाषा रूढ झाली. “उजनी मायनसमध्ये गेली,” “उजनी प्लसमध्ये आली,” असे चहाच्या टपरीवर, एसटीत, उसाच्या फडात सर्रास बोलतात. पाणी उणे कसे असेल, असा प्रश्न इंदापूरच्या शाळकरी पोराला पडत नाही. ऋण संख्या त्याला शाळेच्या पुस्तकाआधी धरणाने शिकवलेली असते. शून्याच्या खाली मोटारी चालू असतात, मासेमारांच्या होड्या चालू असतात, आणि भिगवणजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे माना बुडवून चिखल चाळत असतात. म्हणजे शून्य ही तळाची खूण नव्हेच. ‘इथवरचे आमचे, याखालचे राखीव’ असे माणसांनी पाण्याला सांगितलेली ती हद्द आहे. शेताच्या बांधासारखी ठरवलेली, आणि बांधासारखीच कोरली जाणारी.

आता या हद्दीपासून दोन्ही टोके मोजू. पावसाळा जोरात असला की साठा शंभरावर थांबत नाही. धरण १११ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १२३ टीएमसीपर्यंत भरून घेतात. ते वरचे टोक. आणि सारेच पाणी आटले तर? ६३.६६ ला ५३.५७ ने भागा, १.१८८ येतात. म्हणजे पार कोरडे धरण वजा ११९ टक्क्यांच्या जरासे वर. ते खालचे टोक. धरणाला जे जे होणे शक्य आहे, ते सारे या दोन आकड्यांच्या मध्ये आहे; बाहेर काही नाही. ओळ लिहिली तेव्हा मला वाटले होते, मी केवळ आलेख नीट बसवतो आहे. आता वाचताना वाटते, एका नदीची वरची आणि खालची मर्यादा एका कंसजोडीत आल्यावर तिला आणखी वर्णन कशाला हवे?

ओळ चालवली की भाषा स्वतःहून चार नोंदी करते. डावी कड ०, वरची कड १११, रुंदी १२. आणि उंची? खालच्या आकड्यातून वरचा वजा: -११९ वजा १११, उत्तर -२३०. उणे दोनशे तीस. उंचीच उणे! दारासाठी सुताराला असे माप सांगितले तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहील. पण इथे तो उणेपणाच सारे काम करतो. ‘खाली मोज’ या यंत्राच्या सवयीला त्या एका आडव्या चिन्हाने ‘वर मोज’ असे वळण लागते. मोजमापाच्या जातींनाही या भाषेत क्रमांक आहेत: १ ट्विप, २ पॉइंट, ३ पिक्सेल, असे करत ७ सेंटिमीटर. आपली ओळ चालताच जात आपोआप ० होते, आणि शून्याचा अर्थ तिथे लिहिलेला असतो, ‘वापरणाऱ्याचे स्वतःचे’.

माझा बॉक्स साधारण ४६०० ट्विप उंच होता, पडद्यावर जेमतेम सव्वातीन इंच. त्याचे २३० भाग केले की एक टक्का म्हणजे २० ट्विप, म्हणजे बरोबर एक पॉइंट. हे मी जुळवलेले नव्हते, जुळून आले. छापखान्याचा सगळ्यात लहान ठोकळा आणि उजनीचे अर्ध्या टीएमसीहून थोडे जास्त पाणी त्या पडद्यावर एकाच जाडीचे झाले.

महिन्यांचा अक्ष मी जूनपासून धरला. पंचांगाचे वर्ष चैत्रात, कचेरीचे एप्रिलमध्ये. पण शेताचे वर्ष मृगाला लागते, आणि धरण शेताच्या बाजूचे. मग रेघ ओढायची. तिची आज्ञाही पाहण्यासारखी आहे: उजनी.लाइन -(महिना, साठा). पहिला कंसच नाही! रेघ कुठून निघायची ते सांगितलेले नसते, कारण लेखणी जिथे टेकली होती तिथूनच ती निघते. रांगोळी काढणारी बाई चिमूट न उचलता पुढच्या ठिपक्याकडे जाते, तशी. जूनच्या मध्यात रेघ उण्यात रखडते. मग सह्याद्रीवर पाऊस लागतो, वरची धरणे भरून वाहू लागतात, सगळ्यांचे डोळे दौंडच्या विसर्गाकडे लागतात, आणि जुलै-ऑगस्टात ती रेघ अशी उभी चढते की तिला आलेख म्हणण्यापेक्षा जिना म्हणावे. शून्य ओलांडते तो दिवस गावात पेढ्याचा. पुढे काही काळ ती वर सपाट पसरते, आणि मग कालव्याच्या एकेका आवर्तनाबरोबर पायरीपायरीने उतरते. उन्हाळ्यात ती शून्याखाली जाऊन बरीच खोल पोचते, तेव्हा पळसदेवचे जुने दगडी मंदिर पाण्यातून वर येते आणि लोक चालत, नाहीतर होडीने, ते पाहायला जातात. आलेखावर जिथे रेघ बुडते, तिथे शिवारात देऊळ उगवते.

या चौकोनात वर्तुळ काढायचा मोह आवरला नाही. वर्तुळाची त्रिज्या नेहमी आडव्या एककात मोजतात, आणि आपले आडवे एकक महिना. म्हणून ‘सर्कल (३, १००), ०.२५’ असे लिहिले की सप्टेंबरच्या पहिल्या तारखेभोवती पाव महिना त्रिज्येचे एक छान गोल वर्तुळ उमटते. आठवड्याभराच्या त्रिज्येचे वर्तुळ! गणिताच्या मास्तरांपुढे हे वाक्य बोलायची माझी अजून हिंमत नाही. पण पडद्यावर ते गोल, निर्दोष आणि आपल्या विधानावर ठाम असते.

आणि अक्षरे? सारा अक्ष उलटा केला, तरी ‘ऑगस्ट’ हा शब्द डोक्यावर उभा राहत नाही. दिलेल्या बिंदूला शिरोरेघ टेकवून तो मुकाट्याने खाली लोंबतो. या सभ्यतेची किंमत मला फार उशिरा कळली. पुढे २००२ साली डॉटनेट आले आणि त्यात ही ‘स्केल’ आज्ञाच राहिली नाही. तिच्या जागी हलवणे आणि ताणणे अशी दोन वेगळी रूपांतरे आली. उभा अक्ष -१ ने ताणला की रेघ सुलटी होते खरी, पण सोबत अक्षरेही उलटी होतात, आणि मग त्यांना परत पायांवर उभे करायला वेगळी खटपट. नवे साधन जास्त सामर्थ्याचे आहे यात शंका नाही. चौकोन फिरवताही येतो, तिरका ताणताही येतो. पण माझा कौल जुन्या ओळीला. तिला मोजमाप बदलणे आणि माणसाचे लिहिणे यांतला फरक कळत होता.

हाच चौकोन घेऊन दुसरे चार आकडे लिहा: (०, १६)-(१६, ०). बॉक्स चौरस असला, तर तो आता एक गुंठा आहे. जमिनीच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. रुपयाचे आणे साखळीला कुणी लावले असतील? ज्याने लावले त्याला माणसाच्या मनातले मोजमाप ठाऊक होते: पूर्ण म्हणजे १६ आणे, मग ते नाणे असो, पीक असो की दोरी. भूमी अभिलेखातले जुने टिपण आपण कधी हाती घेतले असेल तर आठवून पाहा. हाताने काढलेली वेडीवाकडी आकृती, प्रमाणाशी तिला देणेघेणे नाही. पण मधल्या रेषेवर आणि तिला काटकोनात निघालेल्या फाट्यांवर साखळी-आण्यांचे आकडे नेमके. चित्र ढोबळ आणि निर्देशक अचूक. कोरा पिक्चर बॉक्स आणि त्याची एक ओळ हेच तर करतात.

आणि हे आमच्याच मातीत आधी घडले, याचा मला थोडा अहंकार आहे. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांची जमिनीची आधीची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमाबंदी ज्या तालुक्यापासून सुरू केली तो इंदापूर. साल १८३६, मुदत ३० वर्षे. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ती पद्धत नीट मांडली गेली. तिच्यातले मला आवडते ते प्रतवारीचे पान. शेताच्या आकृतीत आडव्या-उभ्या रेघा मारून सारखे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात माती उकरून खोली पाहायची, आणि ती आकड्याने लिहायची. सगळ्यात चांगली जमीन पावणेदोन हात खोल आणि १६ आणे मोलाची. तिथून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांची. वाळू, खडे, उतार असे दोष दिसले की त्याच कप्प्यात त्यांची खूण. कागदावर आडवे मोजले ते शेत, आणि खाली मोजली ती माती. वरून खाली वाढणारा अक्ष पाहून ज्यांना अजून चुकल्यासारखे वाटत असेल, त्यांनी ते पान डोळ्यांपुढे आणावे.

पुन्हा आपल्या ओळीकडे. तिने घातलेली मोजमापाची सतरंजी गुंडाळायची झाली तर आकडे लागत नाहीत, कंसही लागत नाहीत. नुसते ‘उजनी.स्केल’ इतके लिहायचे आणि ओळ संपवायची; पिक्चर बॉक्स पुन्हा ट्विपवर येतो आणि शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. आधी काढलेली रेघ मात्र जागची हलत नाही. ती पुसायला ‘उजनी.सीएलएस’ ही वेगळी ओळ आहे.